मी आवळेल

देवपुरातल्या त्या घराची वरची खोली पाहायला गेलो, तेव्हा अंगणात खाटेवर एक इंजिन वाळत घातलेले होते. दुसरा शब्द तिथे चालणार नाही. उन्हाळ्यात त्याच खाटेवर ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे खान्देशी पापड, वाळत. त्यासाठी तिच्यावर जुनी धुवट साडी ताणून बांधलेली असे. आता त्या साडीवर पिस्टन, व्हॉल्व्ह, स्प्रिंगा आणि दांडे डिझेलमध्ये धुऊन, पुसून, ओळीने मांडले होते. प्रत्येक सिलिंडरची रांग वेगळी. बारीक नट आणि वायसर मसाल्याच्या डब्यातल्या वाट्यांमध्ये. शेजारी पाटावर एक बाई बसल्या होत्या. वय सत्तरीच्या आसपास, साडीवर पुरुषी खाकी शर्ट, कानावर लाल पेन्सिल.

त्यांनी मान वर न करता खोलीचे नियम सांगितले. मग मी कुठे काम करतो ते विचारले. मी वृत्तपत्राचे नाव सांगितले. तिथे मजकूर कोणी तपासतो का, हा पुढचा प्रश्न होता. तपासतात, असे मी म्हणालो.

"दिसत नाही," त्या म्हणाल्या, आणि हातातला व्हॉल्व्ह उन्हात धरून त्याची कड पाहू लागल्या.

खोली मिळाली. त्या घरात मी काही वर्षे राहिलो. रोज सकाळी आमचे वृत्तपत्र आधी खाली पडे, आणि माझ्या दाराशी येई तेव्हा त्यावर लाल खुणा असत. बातमी खरी की खोटी याच्याशी त्यांना कर्तव्य नसे. ऱ्हस्व-दीर्घ, विभक्ती आणि काळ एवढेच त्या पाहत. मंत्र्याच्या दौऱ्याची आमची पानभर बातमी एकदा एकाच शेऱ्यासह वर आली: "कर्ता सापडत नाही."

गाव त्यांना बाई म्हणे. घरचे आणि गल्लीतले अक्का. सारी नोकरी त्यांनी देवपुरातल्या एका शाळेत मराठी व्याकरण शिकवण्यात घालवली होती. धुळ्यात कुठेही गेले तरी एखादा पोक्त माणूस त्यांना पाहून हातातली वस्तू पाठीमागे लपवी, मग ती विडी असो की वडापाव. लग्नपत्रिका आली की अक्का ती तपासून, आहेराबरोबर परत करत. पुलाजवळ एका रिक्षाच्या पाठीवर "आर्शिवाद" लिहिलेले दिसले, तेव्हा त्यांनी रिक्षावाल्याला खाली उतरवले आणि रफार कुठे असतो ते भर रस्त्यात दाखवले. तोही विद्यार्थीच निघाला. दुसऱ्या दिवशी तो रंगवून घेतलेली रिक्षा दारात दाखवायला घेऊन आला. अक्कांनी पाहिले, मान हलवली आणि आत गेल्या. पूर्ण गुण मिळाले की त्या बोलत नसत.

त्यांचे मोठे वैर एका प्रत्ययाशी होते. खान्देशातल्या खेड्यातून आलेली मुले वहीत लिहीत: "मी गृहपाठ करेल शे." खान्देशी बोलीत "करेल" म्हणजे करून झालेले. करायचे बाकी असेल तर तिथे "करसू" म्हणतात. प्रमाण मराठीत "करेल" म्हणजे अजून व्हायचे आहे. झालेल्या गोष्टीला न झालेल्या गोष्टीचे रूप, हे अक्कांना सहन होत नसे. त्या "करेल शे" खाली रेघ ओढून "केला आहे" लिहीत. वर्षानुवर्षे, वहीमागून वही.

गंमत अशी की त्या स्वतः खेड्यातल्याच. वडिलांच्या विहिरीवर डिझेलचे इंजिन होते, आणि हँडल मारून ते सुरू करायला त्या वडिलांकडून शिकल्या. शाळेत गेल्यावर त्यांची भाषा पालटली, पण इंजिन त्या ज्या भाषेत शिकल्या ती तशीच राहिली. त्यामुळे नळावर साबणाने हात धुतलेल्या अक्का आणि कोपरापर्यंत तेल लागलेल्या अक्का अशा दोन होत्या. पहिल्या "हे काय झाले?" असे विचारत. दुसऱ्या विचारत, "आते काय हुयनं?" हा बदल त्यांच्या लक्षात येत नसे, आणि कोणी लक्षात आणून दिलेला त्यांना आवडत नसे.

गाडी पद्मिनी होती. पांढरी, पुढची काच थोडी पिवळसर पडलेली, गिअरचा दांडा स्टिअरिंगला. चाळीसगावच्या एका डॉक्टरांकडून अक्कांनी ती जुनी घेतली आणि त्याच आठवड्यात चालवायला शिकल्या. यजमान कोर्टात कारकून होते. ते कधीच चालवायला शिकले नाहीत. डाव्या बाजूला, मांडीवर पिशवी घेऊन बसत, आणि वळण आले की पिशवी घट्ट धरत. ते गेल्यावर डावी जागा रिकामी राहिली, पण गाडी रोज निघे. भाजी, बँक, दवाखाना, सोनगीरची शेती, जळगावची बहीण. नवी गाडी आपण शिकणार नाही आणि दुसऱ्याच्या गाडीत आपल्याला मळमळते, असे त्यांनी जाहीर केले होते. ही गाडी गेली की अक्का घरात, हे सर्वांना माहीत होते.

गाडी निळा धूर सोडू लागली, तेव्हा प्रश्न आला. चढावर ती दमे. एकदा पांझरेच्या पुलावर चढत असताना बंद पडली. त्या वेळी पुण्याहून आलेले जावई गाडीत होते. इस्त्रीच्या कपड्यांत, कॉलेजच्या पोरांच्या मदतीने, त्यांनी ती पुलावरून ढकलली. अक्का स्टिअरिंगवर होत्या आणि खिडकीतून सूचना देत होत्या.

जावई कराडकडचे, पुण्यात संगणकाच्या कामात. मनाने सरळ. त्यांच्यात एक खोट होती. ते "मी करेन" ऐवजी "मी करेल" म्हणत. आजकाल अर्धा महाराष्ट्र म्हणतो. मुलगी पाहायला आले तेव्हा अक्कांनी त्यांना विचारले होते, माझ्या मुलीला नीट सांभाळाल का. त्यांनी उत्तर दिले, "मी पूर्ण प्रयत्न करेल." अक्का म्हणाल्या, "करेन." आणि लग्न ठरले. तेव्हापासून प्रत्येक भेटीत हा शब्द दोघांमध्ये येई. जावई "करेल" म्हणत, अक्का "करेन" म्हणत, आणि बोलणे पुढे जाई.

गाडीच्या नोंदणीचे नूतनीकरण जवळ आले होते. आरटीओत गाडी तपासून देतात. पास झाली तर आणखी काही वर्षे रस्त्यावर, नाही तर भंगारात. जावयांचे म्हणणे होते की या वयात आणि या गाडीत अक्कांनी हायवेवर जाऊ नये, आणि भंगारवाला ओळखीचा आहे. अक्कांचे म्हणणे होते की इंजिन बांधायला, म्हणजे सोडून नव्याने जोडायला, झाले आहे, एवढेच. शेवटी अक्कांनीच तोड काढली. गाडी स्वतःच्या इंजिनावर आरटीओत गेली आणि पास झाली, तर विषय पुन्हा काढायचा नाही. दोर बांधून न्यावी लागली, तर तिथूनच भंगारात. त्यांनी शब्द दिला आणि जावयांनी तो घेतला.

गॅरेजात टाका, असे सगळ्यांनी सुचवले. अक्कांनी गाडी अंगणातच उघडली.

मदतीला सोनगीरहून धाकटे दीर आले. त्यांना नाना म्हणत. आयुष्यभर शेती केलेले, खान्देशीशिवाय दुसरे काही न बोलणारे. येताना त्यांनी विहिरीतून मोटर ओढायची लाकडी तिपाई आणि साखळीची पुली आणली, आणि गावातल्या तांबटाकडून कापून घेतलेले तांब्याचे वायसर. खाटेवरचे सामान पाहून ते कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"वहिनी, हाई इंजिन शे का बिबड्यास्नं वाळवन?"

अक्कांनी त्यांच्या हातात घासणी दिली.

मी तेव्हा नवा होतो. पहिल्याच संध्याकाळी नानांना विचारले की गाडीचे कसे वाटते. ते म्हणाले, "गाडी मरेल नही. जपेल शे." गाडी मरणार नाही, असा दिलासा देत आहेत, असे मला वाटले. मी तसे अक्कांना सांगितले. त्यांनी हात धुतले, पुसले आणि खुलासा केला की नानांनी भविष्य सांगितलेले नाही. गाडी मेलेली नाही, झोपलेली आहे, असे निदान केले आहे. दोन्हींत फरक आहे.

इंजिनाची मांडणी अक्का वाक्यासारखी करत. चार पिस्टन म्हणजे कर्ते. क्रँक म्हणजे क्रियापद, कारण सगळे शेवटी त्याच्याशी येऊन जुळते. नट-बोल्ट ही अव्यये. ती बदलत नाहीत, पण गाळली तर अर्थ जातो. ब्लॉक पारोळा रोडच्या लेथवाल्याकडे बोअर करायला गेला, तेव्हा अक्का रिक्षात त्याच्या शेजारी बसून गेल्या आणि येतानाही तशाच आल्या. व्हॉल्व्ह त्यांनी घरीच घासले. मसाला लावून, काडीला रबर लावून, दोन्ही तळव्यांत रवीसारखे फिरवत. हे काम संपेपर्यंत त्यांच्या घरातले ताकही नानाच घुसळत.

इंजिन जोडायला सुरुवात झाली तेव्हा जावई रजेवर आले होते. ते लांब खुर्चीवर बसतील, अशी सर्वांची कल्पना होती. पण अक्कांचा उजवा खांदा दुखत होता, आणि बेअरिंगचे नट ठरावीक जोराने आवळावे लागतात. त्यासाठी काट्याचा पाना असतो, आणि तो दाबायला ताकद लागते. पाना जावयांच्या हातात गेला.

त्या दिवशी मला सुटी होती. मी अंगणात होतो, त्यामुळे जे झाले ते असे.

ब्लॉक टेबलावर उलटा ठेवलेला होता. पिस्टनचे दांडे क्रँकवर बसवून झाले होते. जावई ओळीने नट आवळत होते. पहिला दांडा, दुसरा, तिसरा. अक्का पाठमोऱ्या बसून चेंबरची, म्हणजे खालच्या तेलाच्या भांड्याची, कड खरवडत होत्या. दोन्ही हात काळे. तेवढ्यात जावयांचा फोन वाजला. त्यांनी नाव पाहिले, पाना टेबलावर ठेवला आणि फाटकाकडे निघाले.

अक्कांनी पाठमोरेच विचारले, "चौथा?"

"मी आवळेल," जावई म्हणाले, आणि बाहेर गेले.

अक्का काही बोलल्या नाहीत. ही गोष्ट नंतर सर्वांना आठवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी तो शब्द दुरुस्त केला नव्हता. हात धुतलेले असते तर "आवळेन" म्हणून त्या थबकल्या असत्या, आणि काम राहिले आहे हे तिथेच कळले असते. पण हातांना तेल होते. तेल लागलेल्या अक्कांनी ऐकले ते खान्देशीत ऐकले. आवळेल. म्हणजे आवळून झालेला.

जावई परत आले तेव्हा चेंबर बसलेले होते. नाना त्याचे बोल्ट फिरवत होते. चौथ्याचे नानांनी पाहिले असेल, असे जावयांना वाटले. नानांना चौथ्याविषयी काही माहीतच नव्हते.

इंजिन तिपाईला टांगून गाडीत उतरवायला गल्ली जमली. साखळी नानांकडे होती. ते ती बैल सांभाळावा तशी, तिच्याशी बोलत सोडत होते. आरटीओची तारीख दोन दिवसांवर होती. सकाळी अक्कांनी आंघोळ केली, खाकी शर्ट चढवला, आधी हँडलने इंजिन हाताने फिरवून पाहिले, आणि मग किल्ली फिरवली.

इंजिन लागले. धूर नाही. गल्लीतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांखाली एक आवाज होता, आतून, मागच्या बाजूने, लाकडावर हातोडी पडावी तसा. टाळ्या वाजवणाऱ्यांना तो ऐकू आला नाही. अक्कांनी किल्ली बंद केली. मग त्यांनी मागे वळून नानांकडे पाहिले. नानांनी तो ऐकला होता.

"आते काय हुयनं?" नानांनी विचारले.

"मागला शे," अक्का म्हणाल्या. "चौथा." आणि जावयांकडे वळून, "चौथा तुम्ही आवळला होता ना?"

"नाही, आई. मी म्हटलं होतं, मी आवळेल."

"हो. आवळेल म्हणालात."

"हो, म्हणजे नंतर."

"नंतर कसं? आवळेल म्हणालात ना?"

"आवळेलच म्हणालो."

हे आणखी थोडा वेळ चालले. दोघेही एकच शब्द म्हणत होते, आणि दोघांचेही खरे होते. नाना पायरीवर बसले आणि टोपीने तोंड झाकून हसू लागले. हसणे आवरल्यावर ते म्हणाले, "मंग आवळसू म्हना ना, पाव्हना."

अक्का हसल्या नाहीत. त्या नळाकडे गेल्या, साबण लावून हात धुतले, नीट पुसले आणि परत आल्या. त्यांचा आवाज शाळेतला होता.

"चूक व्याकरणाची आहे," त्या म्हणाल्या. "इंजिनाची नाही."

पण अडचण मोठी होती. चेंबर काढल्याशिवाय चौथ्यापर्यंत हात जात नाही, आणि इंजिन उचलून धरल्याशिवाय चेंबर निघत नाही. बेअरिंगला ओरखडा पडला असेल तर नवा सुटा भाग धुळ्यात त्या दिवशी मिळणार नव्हता. बठ्ठं, म्हणजे सगळेच, पुन्हा सोडावे लागेल, नाना म्हणाले, आणि सोडून उपयोग होईलच असे नाही. तारीख उद्याची. शब्द दिलेला. अक्का खाटेच्या कडेवर बसल्या. मी त्यांना काही न करता बसलेले तेवढेच एकदा पाहिले.

या वेळी जावयांना काही करायची गरज नव्हती. नुसते खुर्चीवर बसून राहिले असते, तरी गाडी दुसऱ्या दिवशी दोराने गेली असती आणि तिथून भंगारात. त्यांनी घड्याळ काढून खाटेवर ठेवले, जिथे आधी पिस्टन होते तिथे. मग पोते अंथरले आणि गाडीखाली गेले.

"कुठला बोल्ट आधी?" खालून त्यांनी विचारले.

अक्का उठल्या.

तिपाई पुन्हा उभी राहिली. नानांनी साखळी घेऊन इंजिन हातभर वर धरले. जावई उताणे पडून बोल्ट काढत होते. गळणारे तेल त्यांच्या कपाळावरून कानात जात होते. चेंबर निघाले, तेव्हा त्यांचा फोन वाजला. हात तेलाचे होते म्हणून त्यांनी मला तो कानाला लावायला सांगितले. मी गुडघ्यावर बसून लावला. भंगारवाला होता. चौथ्याच्या वेळी आलेला फोनही त्याचाच होता, हे तेव्हा कळले. उद्या कुठे येऊ, असे तो विचारत होता.

"येऊ नका," जावई म्हणाले. "गाडी चालू आहे."

चेंबर त्या क्षणी खाटेवर पडलेले होते. अक्कांनी ते वाक्य ऐकले. त्यांनी ते दुरुस्त केले नाही.

चौथ्याच्या बेअरिंगची टोपी निघाली. अक्का स्वतः गाडीखाली गेल्या, साडीचा ओचा खोचून, बॅटरी दातात धरून. त्या बराच वेळ खाली होत्या. नानांनी साखळीचा हात बदलला. मग खालून एकच शब्द आला.

"साफ."

ओरखडा नव्हता. इंजिन वेळेवर बंद केले होते.

या वेळी आवळण्याची पद्धत बदलली. जावई नट आवळत आणि पाना काढून बाजूला होत. मग अक्का त्या नटाला बोट लावून पाहत आणि त्यावर बरोबरची खूण करत. तेलकट लोखंडावर पेन्सिल उमटेना, म्हणून मुलीच्या जुन्या सामानातून लाल नेलपॉलिशची बाटली निघाली. नटामागून नट, लहानशी, वर शेपूट गेलेली, वह्यांवर असते तशी खूण. चौथ्यापाशी आल्यावर जावई थांबले.

"आवळला," ते म्हणाले. मग थोडा विचार करून, "आवळेल शे."

गाडीखालून पहिल्यांदाच अक्कांचे हसणे ऐकू आले.

चेंबर बसले, तेल भरले. वर हेडचे नटही याच रीतीने, खुणेसकट, तपासून झाले. ऊन भिंतीवर चढले तेव्हा अक्कांनी किल्ली फिरवली. इंजिन लागले. या वेळी कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे ऐकत होते. अक्कांनी स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनाला आणि लाकडी मूठ कानाला लावली. एकेका सिलिंडरशी त्या थांबल्या, वर्गात बाकामागून बाक तपासत जावे तशा. शेवटी चौथ्याशी. मग त्यांनी स्क्रूड्रायव्हर नानांच्या कानाला लावला. नानांनी डोळे मिटले.

"जागी हुई गयी," ते म्हणाले.

नानांना घरी सोडायचे निमित्त होते. गाडी हायवेला लागली आणि सोनगीरच्या दिशेने निघाली. अक्का पुढे, जावई डावीकडे, मी आणि नाना मागे, तिपाई टपावर बांधलेली. सोनगीरचा किल्ला दिसू लागल्यावर नानांनी काच खाली केली आणि बाहेर डोके काढून मागे पाहिले. धूर आहे का ते पाहत होते. नव्हता. गावात शिरताना अक्कांनी गरज नसताना हॉर्न वाजवला. नानांच्या घरी कळण्याची भाकरी आणि ठेचा झाला, आणि गाडी पाहायला अर्धी गल्ली आली. इंजिनाचे झाकण उघडावे लागले. लाल खुणा बघून नानांच्या सुनेने विचारले की हे हळदीकुंकू कशाचे. नाना म्हणाले, पास होण्याचे.

दुसऱ्या दिवशी नाना पहाटेच्या एस्टीने परत आले. हे कोणी त्यांना सांगितले नव्हते.

आरटीओच्या मैदानात गाड्यांची रांग होती. पद्मिनी एकच. तपासणारा निरीक्षक रांगेतून आला, गाडी पाहिली, मग स्टिअरिंगवर कोण आहे ते पाहिले, आणि तोंडातला गुटखा गिळावा की थुंकावा असा त्याचा एक क्षण गेला. त्याने तो वळून थुंकला आणि नमस्कार केला.

"बाई, तुम्ही?"

"तोंड धू आधी," अक्का म्हणाल्या.

तो धुऊन आला. मग त्याने गाडी तपासली, आणि सवलत न देता तपासली. दिवे, ब्रेक, हॉर्न, चाके. धुराच्या यंत्राची नळी मागे लावली. जावई आकड्याकडे पाहत होते. अक्का समोर पाहत होत्या. आकडा ठीक होता. मग त्याने इंजिनाचे झाकण उघडले आणि वाकला. वाकला तो बराच वेळ वाकलेलाच राहिला. हेडच्या प्रत्येक नटावर लाल खूण होती.

"बाई, ही तर वहीतली खूण."

"हो."

"माझ्या निबंधावर ही कधी पडली नाही."

"पडण्यासारखं लिहिलं नसशील."

रांगेतले इतर गाडीवाले जवळ येऊ लागले होते. निरीक्षकाने कागद सरळ केला आणि इंजिन कुठल्या गॅरेजात बांधले, असे विचारले. अक्का गाडीतून उतरल्या. हात स्वच्छ होते. सकाळी दोनदा धुतले होते. साडी शाळेत नेसत ती.

"मी बांधेल शे," त्या म्हणाल्या.

निरीक्षकाचे पेन थांबले. त्याने इकडेतिकडे पाहिले, मग आवाज खाली आणून, अगदी अदबीने म्हणाला, "बाई, 'मी बांधले आहे.'"

अक्का त्याच्याकडे पाहत राहिल्या. मग अक्कांनी कानावरची लाल पेन्सिल काढली. निरीक्षकाने नकळत तळहात पुढे केला, छडीसाठी करतात तसा. अक्कांनी त्यावर बरोबरची खूण केली.

त्याने कागदावर सही केली आणि गाडी पास झाल्याचे सांगितले. ते मात्र त्याने खान्देशीत सांगितले.

परत येताना पांझरेच्या पुलाचा चढ आला. याच ठिकाणी जावयांनी ती ढकलली होती. अक्कांनी गिअर उतरवला नाही. गाडी त्याच गिअरमध्ये, आवाज न बदलता, चढून गेली. मागे नानांनी मांडी ठोकली. पुढे डावीकडे जावई बसले होते. मांडीवर कागदपत्रांची पिशवी, दोन्ही हातांनी धरलेली. पूल संपताना ते अक्कांकडे वळले.

"आई, पुढच्या वेळी सोनगीरला जाताना मी चालवेल."

"चालवेन," अक्का म्हणाल्या, आणि गाडी आणखी जोरात सोडली.